एका खिडकीपुरते इंटरनेट

मित्रांनो, माझ्या कपाळावर पाच दिवे आहेत आणि आज त्यांतला एकही लागत नाही. मी एक जुना मोडेम आहे. ज्या खोक्यातून मी या घरात आलो त्याच खोक्यात मला परत घातले आहे, आणि ते खोके स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवले आहे. झाकण नीट बसत नाही, म्हणून मला अजून थोडी खाडी दिसते. उद्याच्या विमानाने मला कंपनीकडे परत पाठवायचे ठरले आहे. जाण्याआधी माझी गोष्ट तुम्हाला सांगून टाकतो. पोटात ठेवून फार जड झाली आहे.

माझा जन्म इथून फार दूर, एका गरम देशातल्या कारखान्यात झाला. तिथल्या एका मुलीने माझे पाचही दिवे लावून पाहिले, स्वतःशीच हसली आणि मला खोक्यात झोपवले. पुढे कितीतरी आठवडे मी अंधारात प्रवास करत होतो. जहाज, ट्रक, मोठे विमान, मग लहान विमान. खोके उघडले तेव्हा समोर एक म्हातारा गुडघे टेकून बसलेला होता. तो जोआमी, दूर उत्तरेच्या बर्फातल्या या गावातला जुना शिकारी. त्याने मला उलटेसुलटे करून पाहिले, तळहातावर तोलले आणि बायकोला म्हणाला,

"म्हातारे, एवढे पैसे भरले आणि याला सशाएवढंही वजन नाही."

"वजनावर जाऊ नका, नवरोबा," ऊलूसी म्हणाली. "तुमच्या डोक्याचं तरी वजन किती आहे?"

लाडात आली किंवा चिडली की ती त्याला नवरोबा म्हणायची. दोन्हींतला फरक फक्त त्यालाच कळायचा.

घरात तिसरी होती त्यांची मुलगी लीटिया. ती गावच्या दुकानात गल्ल्यावर बसायची. तिचा नवरा खाणीवर कामाला, दोन आठवडे तिकडे आणि दोन आठवडे इकडे. कंपनीचा माणूस आला, त्याने छतावर थाळी बसवली आणि परतीच्या विमानाने निघून गेला. थाळी आकाशातल्या उपग्रहाशी बोलायची आणि मी घरातल्या माणसांशी. जाताना त्याने लीटियाच्या हातात एक कागद दिला. तिने तो मोठ्याने वाचला. महिन्याला शंभर जीबी. त्याच्यावर जे वापराल त्याला प्रत्येक जीबीमागे जादा आकार. आणि जादा आकार पाचशे डॉलरपर्यंत गेला, की तो भरेपर्यंत इंटरनेट बंद.

"जीबी म्हणजे काय गं?" ऊलूसीने विचारले.

"माप आहे, आई. जितकं बघशील तितकं संपतं."

"बघून कसं संपेल? इतकी वर्षं खाडी बघतेय मी, आटली का ती?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊलूसीने जे केले ते या गावातल्या कोणत्याही बाईने केले असते. जोआमी समुद्रातला सील मारून आणायचा तेव्हा ती गावच्या रेडिओला फोन करायची, आमच्याकडे मांस आहे, या. माणसे यायची. जमिनीवर पुठ्ठा अंथरायचा, त्यावर मांस ठेवायचे, आणि ज्याला जितके हवे तितके त्याने कापून घ्यायचे. कोण किती खातो इकडे कोणी बघायचे नाही. त्या सकाळी तिने त्याच रेडिओला फोन लावला आणि साऱ्या गावाला सांगितले,

"मी ऊलूसी बोलतेय. आमच्या घरी इंटरनेट आलंय. पुष्कळ आहे. ज्याला हवं त्यानं या. चहा पण ठेवलाय."

दुकानातही रेडिओ लागलेला होता. लीटिया म्हणे डोक्याला हात लावून गल्ल्यामागे खालीच बसली.

ऊलूसीने बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला, माझ्या पोटाखाली छापलेला पासवर्ड त्यावर मोठ्या अक्षरांत उतरवला आणि किटलीच्या वर टांगून दिला. गावात दाराला टकटक करायची पद्धत नाही. माणसे सरळ आत यायची, बूट काढायची, पुठ्ठ्याकडे बघायची आणि भिंतीला पाठ लावून बसायची. शेजारच्या अॅनीने माझ्यातून आपल्या दूरच्या नातवाचे पहिले पाऊल पाहिले आणि ती रडली. दोन मुलींनी परीक्षेचे अर्ज भरले. जागा नसली तर माणसे बाहेरच्या पायऱ्यांवर, अंगात जाड, टोपीवाला पार्का कोट घालून, फोन छातीशी धरून बसायची. सगळे माझे कौतुक करायचे. मला फार अभिमान वाटायचा, हे लपवत नाही.

सगळ्यांत जास्त यायचा सिमिओनी. तो शेजारच्या निळ्या घरातला, जोआमीचा शिकारीतला जोडीदार. त्याला बर्फावरच्या हॉकीचे वेड. शनिवारी संध्याकाळी सामना असला की तो तिघाचौघांना घेऊन यायचा, रिकाम्या हाताने मात्र कधीच नाही. कधी सील, कधी मासे. गोल झाला की घर हादरायचे. जोआमीला त्यातले काही कळत नसे, पण तोही सगळ्यांच्या मागून अर्ध्या क्षणाने ओरडायचा.

माझी पाठ नेहमी गरम असते. खाडीवरून आला की जोआमी आपले सीलच्या कातड्याचे हातमोजे माझ्यावर वाळत घालायचा. लीटिया ओरडायची, "बाबा, त्याची भोकं झाकू नका, गुदमरेल तो!" तो म्हणायचा, "ऊब आहे तर उपयोगाला येऊ दे की." ती दोन वर्षे माझ्या आयुष्यातली चांगली वर्षे होती. जादा आकार कधी वीस डॉलर यायचा, कधी साठ. जोआमी दगडात एखादे अस्वल कोरायचा, ते विकायचा आणि बिल भरून टाकायचा.

तिसऱ्या वर्षी उन्हाळ्यात त्याला खोकला लागला. नर्सने छातीचा फोटो काढला, फुप्फुसात गाठ निघाली. ऑगस्टमध्ये त्याला विमानाने दक्षिणेकडच्या ओटावा शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात नेले. सोबत एकालाच जाता येते आणि तो इंग्रजी जाणणारा हवा, म्हणून त्याचा भाचा टोमासी गेला. लीटिया पोटुशी होती. ऊलूसीला इंग्रजी येत नव्हते, ती राहिली. दारात उभा राहून जोआमी म्हणाला, "खाडी गोठायच्या आत येतो." मग त्याने हातमोजे माझ्या पाठीवर ठेवले. तिकडे गरम असेल, तो म्हणाला.

तेव्हापासून रोज दुपारी बारा वाजता ऊलूसी टॅबलेट घेऊन माझ्याजवळ बसायची. मी त्याचा चेहरा तिच्यापर्यंत आणायचो आणि तिचा त्याच्यापर्यंत न्यायचो. इतके महत्त्वाचे काम मला कधीच मिळाले नव्हते. दिवसेंदिवस त्याचा चेहरा बारीक होत होता. ती ते पाहायची आणि शेजारणीच्या कुत्र्याची तक्रार सांगत बसायची.

सप्टेंबरअखेर डॉक्टरांनी टोमासीला बाजूला घेऊन सांगितले, की हा माणूस आता प्रवास करू शकणार नाही. जोआमीला ते न सांगताच कळले असावे. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला,

"म्हातारे, मला यायला उशीर होईल. खाडी गोठली की दाखव मला."

"सांगेन की."

"सांगू नकोस, दाखव. तू मला सगळं चांगलंच सांगतेस. तुझ्या 'हो'वर पाय ठेवला असता ना, तर मी केव्हाच बुडालो असतो. काळा बर्फ असला तर पातळ. करडा असला तर थांबायचं. पांढुरका झाला की माणूस चालतो. मी माझ्या डोळ्यांनी बघेन."

त्याला आणखी काही नको होते, मित्रांनो. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसणारी खाडी एकदा पाहायची होती.

त्याच सुमारास बिल आले. रोजच्या बोलण्याचे होतेच, त्यात अॅनी होती, मुली होत्या, हॉकीचा हंगाम सुरू झाला होता. जादाचे चारशे ऐंशी डॉलर. लीटियाने फोनवर माझे खाते उघडले आणि कोणी किती वापरले ते आईसमोर वाचू लागली.

"सिमिओनी, एकोणतीस जीबी. अॅनी, अकरा. हा कोण बघ, मला माहीतही नाही, नऊ..."

"बस!" ऊलूसी म्हणाली. तिला इतके रागावलेले मी पाहिले नव्हते. "कोणी किती घास खाल्ले हे या घरात कधी वाचून दाखवलेलं नाही. तुझ्या बापासमोर केलं असतंस हे?"

"आणि बाबांचा घास कोण ठेवणार, आई? पाचशेला बंद करतात! वीस डॉलरनं वाचलोय आपण. मी पासवर्ड बदलते."

"दारात आलेल्याला हाकलायचं? सिमिओनीनं या घराला किती सील दिले ते पण लिहून ठेवलंयस का कुठे?"

लीटिया रडू लागली. बिल तिने आपल्या पगारातून भरले, किटलीवरचा पुठ्ठा तिथेच राहिला. पण त्या संध्याकाळी ऊलूसीने तिच्या परीने उपाय काढला. दुसऱ्या दिवसापासून तिने नवऱ्याचा चेहरा बघणे सोडले.

"नुसतं बोलू या," ती त्याला म्हणाली. "फोनवर. चित्र खाडीसाठी राखून ठेवतेय."

सात आठवडे तिने त्याचे तोंड पाहिले नाही. बारा वाजता ती भिंतीवरच्या फोनजवळ उभी राहून बोलायची आणि टॅबलेट उशीखाली असायचा. पाहुण्यांना तिने यातले काही कळू दिले नाही, कारण घरातला तुटवडा पाहुण्याला सांगायचा नसतो. ती फक्त स्वतःच्या ताटातले काढून ठेवत होती. तिला वाटायचे, की तिने न खाल्लेला तो घास माझ्या पोटात कुठेतरी बाजूला ठेवलेला आहे, फ्रीझरमध्ये माशाचा तुकडा ठेवावा तसा. कधी कधी ती मला थोपटायची आणि म्हणायची, "नीट सांभाळ हं."

मित्रांनो, माझ्या पोटात असा कोणताही कप्पा नाही. जे आहे ते सगळ्यांचे एकच, आणि पहिला येईल त्याचे. मला हे ओरडून सांगायचे होते. पण मला तोंड नाही, पाच दिवे आहेत, आणि ते सगळे हिरवे होते.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात खाडी करडी झाली. शनिवारी दुपारी सिमिओनी काठावरून हार्पूनने, शिकारीच्या भाल्याने, बर्फ ठोकून आला आणि म्हणाला, "उद्या चालता येईल. मी स्वतः जाऊन उभा राहतो. मधोमध माणूस उभा दिसला की जोआमीची खात्री पटेल." ऊलूसीने त्याचे दोन्ही हात धरले. मग अर्थातच तिने त्याला जेवायला थांबवले, आणि संध्याकाळी सामना होता, म्हणून आणखी चौघे आले. प्रत्येकाने आपापला फोन काढला. तीन तास सामना चालला. घर हादरत होते, किटली उकळत होती, आणि ऊलूसी कितीतरी दिवसांनी मोठ्याने हसत होती. लीटिया त्या वेळी दुकानात होती. शेवटचा गोल मी पाच फोनांवर एकदम पोहोचवला.

रविवारी आकाश स्वच्छ होते. खाडी पांढुरकी झाली होती, इकडच्या काठापासून तिकडच्या टेकड्यांपर्यंत. पावणेबाराला सिमिओनी बर्फावर चालत गेला आणि मधोमध हार्पून रोवून उभा राहिला. ऊलूसीने केस विंचरले होते. बारा वाजता तिने टॅबलेट उघडला आणि जोआमी दिसला. नाकात नळी होती, गाल आत गेलेले होते. टोमासीने त्याला पाठीशी हात देऊन बसवले होते. सात आठवड्यांनी तिने त्याला पाहिले आणि तिचा हात तोंडावर गेला.

"अगं, मला काय बघतेस?" तो म्हणाला. "खाडी दाखव."

ती उठली. खिडकी माझ्यापासून चार पावलांवर आहे. तिने टॅबलेट वळवला, आणि दुसऱ्या पावलाला माझा मधला दिवा लाल झाला.

हे माझ्या हातात नव्हते. तिकडे दूर कुठेतरी एका यंत्राने पाचशेचा आकडा पाहिला आणि मला बंद केले. तीन तासांची हॉकी मी वाहिली होती, आणि एक मिनिटाची खिडकी मला वाहू दिली नाही. टॅबलेटवर जोआमी पुढे वाकलेला तसाच राहिला, डोळे बारीक केलेले, उन्हात लांबवर बघताना माणूस करतो तसे.

"लीटिया! हे हलत का नाही?"

लीटिया धावत आली, तिने माझा दिवा पाहिला आणि तिला सगळे कळले. तिने कंपनीला फोन लावला. बराच वेळ गाणे वाजले, मग एक नम्र आवाज म्हणाला, की जादा आकार मर्यादेबाहेर गेला आहे, आणि आज भरला तरी चालू व्हायला एक कामाचा दिवस लागेल, आणि आज रविवार आहे. लीटियाने त्याला खाडीचे सांगितले. तो म्हणाला, त्याला वाईट वाटते. बाहेर सिमिओनी अजून उभा होता. तो दोन्ही हात वर करून हलवत होता, मग त्याने हार्पून उचलून बर्फावर दोनदा आपटून दाखवले, जोआमीला दिसावे म्हणून.

ऊलूसीने हॉस्पिटलात फोन केला. टोमासीने तो जोआमीच्या कानाला लावला.

"गोठली," ती म्हणाली. "पांढुरकी झालीय. सिमिओनी मधोमध उभा आहे. खरंच सांगतेय, या वेळी खरंच सांगतेय."

मग तो म्हणाला, "दाखव."

ती म्हणाली, "उद्या."

सोमवारी सकाळी, कंपनीचे कार्यालय उघडायच्या आधीच, टोमासीचा फोन आला.

जोआमीला विमानाने घरी आणले. घर माणसांनी आणि भांड्यांनी भरून गेले. माझा मधला दिवा लाल होता आणि कोणी माझ्याकडे पाहत नव्हते. सिमिओनी आला तो बाहेरच्या खोलीतच थांबला, बूट न काढता. लीटियाने त्याला काहीतरी सांगितले असणार.

"मी खाल्लं ते," तो म्हणाला. "त्याच्या वाट्याचं मी खाल्लं."

"तुला माहीत होतं का?" ऊलूसीने विचारले.

"नाही."

"मी सांगितलं होतं का?"

"नाही."

"मग बूट काढ आणि आत ये. खाल्लेलं कोणी परत मागतं का?"

तो आत आला आणि भिंतीला पाठ लावून बसला. पण खिडकीकडे त्याने पाहिले नाही. त्याने नंतर रेडिओवरून गावाला काय सांगितले मला ठाऊक नाही. दोन दिवसांत बिस्किटांचा एक डबा चुरगळलेल्या नोटांनी भरला, लीटियाने बिल भरले, आणि पुढच्या आठवड्यात गुरुवारी दुपारी बारा वाजून काही मिनिटांनी माझे पाचही दिवे हिरवे झाले. उशीखालून टॅबलेट काढायला कोणी आले नाही. माझ्या पाठीवर हातमोजे होते. ते केव्हाच वाळलेले होते.

जानेवारीत लीटियाने नवी थाळी आणली. तिला मर्यादा नाही म्हणतात. कितीही बघा, कितीही जण बघा. मला भिंतीवरून काढले, पुसले आणि खोक्यात घातले. खोके परत पाठवले नाही तर कंपनी माझेही पैसे लावते, म्हणून त्यावर पत्ता लिहिला आहे. मग वादळे आली, विमाने रद्द झाली, लीटिया बाळंतपणाला इकालुइट शहरात गेली आणि मी खिडकीतच राहिलो.

मित्रांनो, वाटून खाणाऱ्या घराला दोष देऊ नका. ऊलूसीची चूक झाली असेल, तर ती एवढीच, की तिने स्वतःचा वाटा गुपचूप काढला आणि ज्याच्यासाठी काढला त्याचे नाव कोणाला सांगितले नाही. तिने एकदा तोंड उघडले असते, तर सिमिओनीने स्वतःचा फोन खाडीत फेकला असता. तुमच्या घरात कोणासाठी काही राखून ठेवायचे असेल तर मोठ्याने सांगा. आणि तुमच्यापैकी कोणी मोठेपणी मोजणाऱ्यांच्या कंपनीत कामाला लागलाच, तर बंद करायच्या आधी एकदा विचारा, की पलीकडे कोण काय बघतोय. माझी आणखी काही मागणी नाही.

आज सकाळी लीटिया परत आली. तिच्या पार्काच्या पाठीवरच्या, बाळ ठेवायच्या मोठ्या टोपीत तीन आठवड्यांचा मुलगा होता. इथे गेलेल्या माणसाचे नाव येणाऱ्याला देतात, आणि नावाबरोबर नातेही येते. त्याचे नाव जोआमी. लीटिया त्याला बाबा म्हणते. ऊलूसीने त्याला हातात घेतले, बराच वेळ त्याच्या तोंडाकडे पाहिले आणि म्हणाली,

"उशीर केलात, नवरोबा."

मग ती त्याला घेऊन खिडकीशी आली, माझ्या इतक्या जवळ की तिचा श्वास मला ऐकू येत होता. बाहेर मार्चचे ऊन होते आणि खाडी टेकड्यांपर्यंत पांढरी होती. बाळाने ऊन लागून डोळे बारीक केले. ऊलूसीने एका हाताने माझे खोके बाजूला सरकवले, त्याच्या आड काही येऊ नये म्हणून.

"सांगत नाही हं," ती म्हणाली. "बघा."